एकतीस नंबरचा अंपायर

दोह्याला जाऊन आलो म्हटल्यावर लोक विचारतात, उंच इमारती पाहिल्या का, वाळवंटात उंटावर बसलात का, सोनं आणलं का. इमारती लांबून पाहिल्या. उंट पाहिला, पण तो ट्रकमध्ये बसून कुठेतरी निघाला होता आणि माझ्यापेक्षा आरामात दिसत होता. सोनं आणलं नाही. मी इथून एक वस्तू घेऊन गेलो होतो आणि ती तिथे ठेवून आलो. तिच्याबद्दल लिहायचं आहे. बाकीचा प्रवास मध्ये मध्ये येईल.

वस्तू म्हणजे एक छापील चित्र, आगपेटीपेक्षा थोडं मोठं. पुढे क्रिकेटचा अंपायर, मागे नंबर एकतीस. मी ते चष्म्याच्या घरात, कापडाखाली ठेवून नेलं. विमानतळावरच्या यंत्रातून माझा चष्मा, बेल्ट, गोळ्यांचा डबा सगळं गेलं. अंपायरकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं तो असाच माझ्याकडे राहिला होता.

अल गराफा

माझी मुलगी मेधा आणि जावई अल गराफात राहतात. एकसारखी पांढरी घरं, एकसारख्या भिंती, रस्त्यावर माणूस नाही. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यापर्यंत फिरून आलो आणि परत येताना शेजाऱ्याच्या दाराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी मला पाणी दिलं, बसवलं आणि मग कुठे राहता ते विचारलं. त्यांना या प्रकाराची सवय असावी.

दुसरा अपघात न्हाणीघरात झाला. सप्टेंबर महिना होता. मी गार पाण्याचा नळ सोडला आणि ओरडलो. तिकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार नळाला कढत पाणी येतं. म्हणून लोक गीझर बंद ठेवतात आणि गरम नळाने गीझरमध्ये निवलेलं पाणी घेतात.

"बाबा, तुम्हाला सांगितलं होतं ना, उलटं लक्षात ठेवायचं," मेधा बाहेरून म्हणाली.

आमच्या घरी पाणी तापवायला बंब होता आणि एक संपूर्ण वर्ष त्या बंबात मी जे घातलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चिपळूणला एका छापखान्यात मी कटिंग मशीनवर होतो. गावात चघळायच्या गोळ्यांचा एक कारखाना होता, हंस छाप गोळ्यांचा. तो कारखाना आणि आमचा छापखाना, दोन्हींच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठनं एक योजना काढली. गोळ्यांच्या प्रत्येक पुड्यात क्रिकेटचं एक चित्र. एकूण पन्नास चित्रं, चिकटवायला अल्बम, आणि अल्बम पूर्ण भरून आणील त्याला एक बॅट. चित्रं काढली कासम पेंटरनं. हा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्यानं क्रिकेट फक्त रेडिओवर ऐकलं होतं. त्यामुळे त्याच्या मैदानाभोवती नारळाची झाडं आहेत, एका चित्रात चार स्टंप आहेत, एक गोलंदाज अनवाणी धावतो आहे. पण हात त्यानं असे काढलेत की बघत राहावं. बॅट धरलेला हात, झेल घेणारा हात. एकही चुकलेला नाही.

शेठनं मला बोलावून सांगितलं, "एकतीस नंबर बाजूला काढायचा. एकही बाहेर जाता कामा नये. मग पोरं गोळ्या घेतच राहतील. शेवटी दोनचार सोडू."

ते दोनचार कधी सुटले नाहीत. कापलेल्या गठ्ठ्यातून एकतीस नंबर मी काढायचो, पिशवीत भरून घरी न्यायचो आणि पहाटे बंबात घालायचो. आमच्या घरी वर्षभर अंघोळीचं पाणी अंपायरवर तापलं.

वर्षाअखेरीस पोरांचे बाप भांडायला आले, तेव्हा शेठनं सांगितलं की पेंटरनं तेवढं एक चित्र दिलंच नाही. बिदागी घेतली आणि फसवलं. कासम धावत छापखान्यात आला. दहा माणसं उभी होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वसंता, तू तर बघितलंयस. तूच कापलंस ना?"

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

एवढंच. त्या वर्षी मी फोरमन झालो. कासमच्या घराच्या कौलांवर पोरांनी दगड मारले. पाट्यांचं काम बंद झालं, तो मुंबईला गेला आणि परत आला नाही. एक अंपायर मी जाळला नाही. का, ते मला कधीच सांगता आलं नाही. पश्चात्ताप म्हणायला तेव्हा फार लवकर होतं.

शुक्रवारची बैठक

कासमच्या घरच्यांचं पुढे काय झालं, या माझ्या चौकशीला उत्तर मिळालं ते मेधामुळे. तिच्या ओळखीचा मंदार नावाचा पुण्याचा मुलगा एका कंपनीत हिशेबनीस आहे आणि जुनी क्रिकेटची चित्रं जमवतो. परदेशी, चकचकीत मालिका जमवणारे लोक वेगळे. मंदारचा गट हंस मालिकेवर जीव टाकणाऱ्यांचा. या गटाचं म्हणणं असं की जगातली ही सर्वात दुर्लक्षित मालिका आहे. मंदारनं एकदा मेधाला सांगितलं की ज्यानं ही चित्रं काढली त्या पेंटरची मुलगी इथेच, अल रय्यानला मुलाकडे राहते आणि तिच्याकडे एकोणपन्नास चित्रांचा अल्बम आहे. मेधानं हे मला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी मी पासपोर्टची चौकशी केली. मेधाला वाटलं, मला नातीची आठवण येते. येतेही. पण नात मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते आणि आमचं प्रेम मोठ्या प्रमाणावर मान हलवून चालतं.

तिकडे सुट्टी शुक्रवारी. मेधा मला मंदारच्या घरी घेऊन गेली, तिथे सातआठ जण जमले होते. मिसळ होती, पावाऐवजी खुबूस, म्हणजे त्यांच्याकडची गोल, मऊ रोटी. तर्री त्यात पावापेक्षा चांगली मुरते, हे पुण्याच्या माणसाच्या घरी बोलायला नको होतं, ते मी बोललो. जेवण झाल्यावर टेबल पुसलं गेलं, दिवा जवळ ओढला गेला आणि सगळ्यांनी पांढरे हातमोजे चढवले. आमच्या छापखान्यात ज्या चित्रांच्या गठ्ठ्यावर आम्ही भजी ठेवून खायचो, ती चित्रं आता प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांत होती.

"काका, ही कड बघा," मंदार म्हणाला. "सगळ्या हंस चित्रांची उजवी कड वाकडी असते. बारीक नागमोडी. नक्कल ओळखता यावी म्हणून मुद्दाम केलेली. त्या काळात केवढी दूरदृष्टी!"

"पातं बोथट होतं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मशीनचं पातं बोथट होतं आणि मालक नवीन आणत नव्हता. ही चित्रं मी कापलीत."

 मग सगळे उभे राहिले. मला मधल्या खुर्चीत बसवलं. माझ्या हातांचे फोटो काढले. रत्नागिरीचा शरीफ नावाचा, एका गोदामात स्टोअरकीपर असलेला, दाढीवाला माणूस तर पुढे येऊन माझा हातच धरून बसला. "चाचा, ह्या हातांनी? माशाल्ला." त्या हातांनी आणखी काय केलं ते सांगायची हीच वेळ होती. मी चष्म्याचं घर उघडलं आणि अंपायर टेबलावर ठेवला.

 मग मंदारनं भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. भिंग शरीफकडे दिलं. शरीफनं बघितलं आणि मान खाली घातली, डॉक्टर घरच्यांसमोर घालतो तशी.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," मंदार म्हणाला. "हे खोटं आहे."

"खोटं?"

"एक तर कड सरळ आहे. हंस चित्राची कड सरळ नसते."

"कारण हे एक मी कात्रीनं, जपून कापलं."

"आणि हात बघा. हे वर केलेलं बोट. आखूड आहे, टोकच नाहीये. कासम पेंटर हात कधी चुकत नाही. तिसरं म्हणजे, काका, एकतीस नंबर अस्तित्वातच नाही. पेंटरनं ते काढलंच नव्हतं. पिऊन पडायचा म्हणे. कोणीतरी नंतर छापून तुम्हाला फसवलंय."

मी त्यांना सगळं सांगितलं. गठ्ठे, पिशवी, बंब, छापखान्यातली दहा माणसं. त्यांनी आदरानं ऐकून घेतलं. मग मंदारनं माझ्यापुढे चहा सरकवला आणि मेधाकडे बघून हळूच विचारलं, "काकांचं बीपी वगैरे ठीक असतं ना?"

अठ्ठेचाळीस वर्षं मी गुन्हा कबूल करायची भीती बाळगली. कबूल केल्यावर पुराव्याअभावी सुटका होईल, हे मात्र मनात आलं नव्हतं.

करक

शनिवारी शरीफ मला जुबेदाबाईंकडे, म्हणजे कासमच्या मुलीकडे घेऊन जायला तयार झाला. तो बरवा अल बराहाला कामगारांच्या वसाहतीत राहतो, त्याच्या खोलीत चौघे, पण पलंगाखालचा बिस्किटांचा डबा फक्त त्याचा. एकाच नंबरची दोन-दोन चित्रं त्याच्याइतकी कुणाकडे नाहीत. कंपनीची पिकअप घेऊन तो आला.

वाटेत त्यानं एका दुकानासमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवला. आपल्याकडे हॉर्न वाजवल्यावर पानवालासुद्धा वर बघत नाही. इथे एक माणूस भर उन्हात धावत आला, खिडकीतून ऑर्डर घेऊन गेला आणि दोन कागदी पेल्यांत करक घेऊन परत आला. करक म्हणजे वेलदोडा घालून आटवलेला चहा. इतका गोड की माझ्या डॉक्टरनं तो वासानंही ओळखला असता.

"चाचा, खरं सांगा हां," शरीफ म्हणाला. "ते कार्ड तुमी मागाहून छापलंव ना? मी कुणाला नाय सांगनार."

"नाही रे."

"मग जुबेदा आपाला कशाला दाखवताव? ती बिचारी आधीच त्या एका नंबराच्या नावानं रडते. खोटा निघाला म्हंजे?"

"तिनं ठरवावं."

त्यानं करकचा पेला संपवला. "मी ल्हान असताना त्या बॅटसाठी गोळ्या खाऊन दोन दाढा घालवल्या," तो म्हणाला. "आमच्या रत्नागिरीतपन सगळे म्हनायचे, पेंटर चोर. मीपन म्हनायचो. आता तिच्या घरी जेवतो. यल्ला, चला."

अल रय्यान

जुबेदाबाई सत्तावन्न वर्षांच्या आहेत. मी त्यांना पाहिलं होतं ते त्या नऊ वर्षांच्या असताना, बापाच्या रंगाच्या डब्यांजवळ. मुलगा कामावर गेला होता. त्यांनी आल्या आल्या तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि कैरीचं लोणचं वाढलं. दोह्याच्या उन्हात चिपळूणचा वास आला. मी आधी सांगायला हवं होतं आणि मग जेवायला. मी आधी जेवलो. हेही नोंदवून ठेवतो.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, "मी कटिंगवाला वसंत."

त्यांनी ताटं उचलली होती ती तशीच हातात धरली. "वसंतकाका? छापखान्यातले?"

"हो."

"अब्बा तुमचं नाव घ्यायचे," त्या म्हणाल्या. कसं घ्यायचे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी सांगितलं. यावेळी कमी शब्दांत जमलं, आदल्या दिवशी सराव झाला होता. शेठनं काय सांगितलं, मी काय जाळलं, कासमनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. त्या ताटं घेऊन उभ्याच होत्या. चुलीवर, म्हणजे गॅसवर, चहा ठेवलेला होता. तो उतू गेला. त्यांनी जाऊन गॅस बंद केला आणि हात हलवतच परत आल्या. चहा आला नाही.

"अब्बा मरेपर्यंत सांगत होते, मी काढलं होतं," त्या म्हणाल्या. "मुंब्र्याला नंबरप्लेटी रंगवत बसायचे आणि सांगायचे. अम्मा म्हणायची, असेल. मी म्हणायची, अब्बा, खोटं कशाला बोलता, चुकलात तर चुकलात म्हणा. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मग ते सांगायचे थांबले."

 मी चष्म्याचं घर पुढे केलं. शरीफनं खिशातून हातमोजे काढून दिले, ते त्यांनी बाजूला ठेवले आणि दोन बोटांनी चित्र उचललं.

त्यांनी कड पाहिली नाही. मागचा नंबर पाहिला नाही. अंपायरचं वर केलेलं बोट पाहिलं आणि त्या हसल्या. मग हसणं बिघडलं.

"हे अब्बांचं बोट आहे."

"काय?" शरीफ म्हणाला.

"अब्बांचं. लहानपणी चरकात गेलेलं. टोक नव्हतं त्याला. म्हणून ब्रश मधल्या बोटात धरायचे. अरे शरीफ, हा हात चुकलेला नाही, त्यांचाच हात आहे. आरशात बघून काढलाय."

मला कासमचा हात माहीत होता. तो ब्रश मधल्या बोटात धरायचा हे मी रोज पाहिलं होतं. आणि हे चित्र माझ्याकडे अठ्ठेचाळीस वर्षं होतं. मी ते जपलं, कसरीपासून, ओलीपासून, बायकोच्या दिवाळीच्या साफसफाईपासून. पण एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

शरीफनं चित्र हातात घेतलं, परत दिलं, पुन्हा घेतलं. मग तो जमिनीवर बसला. "याऽ अल्ला. एकतीस. एकच. दुनियेत एकच." त्याचा आवाज बदलला. "आपा, हात लावू नका आता. मी प्लास्टिकचं पाकीट आणतो गाडीतून. मंदारला फोन करतो. ऐका माझं, ठेवा खाली."

जुबेदाबाई आतून अल्बम घेऊन आल्या. आम्ही छापलेला, मी कापलेला, हंस छाप. पानं पिवळी, चित्रं सगळी चिकटलेली. एक चौकट मोकळी. त्यांनी स्वयंपाकघरातून वाटीत भात आणला आणि बोटानं शितं चुरली.

"आपा, नको!" शरीफ उठून उभा राहिला. "चिकटवलात तर खलास! मागचा नंबर जाईल, कार्डाची वाट लागेल! चाचा, तुमी तरी सांगा!"

"आम्ही भाताच्या शितांनीच चिकटवायचो," मी म्हणालो. मला दुसरं काही आठवलं नाही.

त्यांनी शितं फासली, चित्र चौकटीत ठेवलं, पदरानं दाबलं आणि मनात मोजत असाव्यात तितका वेळ हात तसाच ठेवला. शरीफ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग त्यांनी अल्बम उलटा केला आणि मागच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. पूर्ण भरलेला अल्बम आणणाऱ्यास एक बॅट.

"हे कुणी छापलं?"

"आम्ही."

"मग?"

निघताना

त्या संध्याकाळी मंदार मेधाकडे आला. शरीफनं चिकटवण्याआधी मोबाइलवर काढलेला एक अस्पष्ट फोटो आता गटात फिरत होता. कालचं खोटं चित्र आज सर्वश्रेष्ठ झालं होतं. सरळ कड हा आता त्याचा खास गुण ठरला होता. मंदारनं माफी मागितली, पाया पडला आणि मग म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुम्ही बाकीची जाळली नसती तर एकतीसला आज कुणी विचारलंही नसतं. एका अर्थी तुम्ही मालिकेवर उपकारच केलेत."

मी त्याला एवढंच सांगितलं की पेंटर पिऊन पडायचा, हे कुठे लिहिलं असेल तर ते खोडायचं. गटाच्या इंटरनेटवरच्या पानावर ते होतं, त्यानं माझ्यासमोर खोडलं. त्या जागी 'पेंटरची चूक नव्हती' असं लिहिलं. मी म्हणालो, चूक कुणाची होती तेही लिही. तो घुटमळला. मालिकेचे कटर म्हणून माझा फोटो त्यानं वर लावला होता, हात स्पष्ट दिसतील असा. मी स्वतः टाइप करायला बसलो. दोन ओळींना मला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं फोनमध्ये जोडाक्षर शोधण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मेधाबरोबर खेळाच्या दुकानात गेलो. दुकानदार केरळचा होता. त्यानं हिंदीत विचारलं, "बच्चे की उमर क्या है?"

"नौ साल," मी म्हणालो.

त्यानं एक छोटी बॅट काढली. मेधा माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, त्या सत्तावन्नच्या आहेत."

"माहीत आहे," मी म्हणालो. तीच घेतली.

जुबेदाबाईंनी दार उघडलं. बॅट हातात घेतली, तिचं वजन पाहिलं, मूठ पाहिली. मग दिवाणखान्यातल्या फरशीवर पदर खोचून, थोड्या वाकून उभ्या राहिल्या. बॅट गुडघ्यापर्यंतसुद्धा नीट येत नव्हती. फरशीवर दोनदा टक टक केलं.

"लहान झाली," त्या म्हणाल्या.

"हो."

"तेव्हा दिली असतीत तर बरोबर झाली असती. आमच्या कौलांवर दगड येत होते ना, त्यातले एकदोन तरी मी अडवले असते."

त्यांनी बॅट दाराशी, चपलांच्या कपाटाला टेकून उभी केली आणि आत गेल्या. मी सोफ्याच्या कडेवर बसलो. आतून भांड्याचा आवाज आला, वेलदोडा कुटल्याचा आला. त्यांनी बाहेर येऊन माझ्यासमोर कप ठेवला. चहात साखर नव्हती, एक कणही नाही. मी तो सगळा प्यायलो.